स्टेपनी

परवा चिरंजीवांच्या पिकअपला नवीन टायर बसवले. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं घरात विचारून झालेलं आहे, तेव्हा तुम्ही पुन्हा विचारू नका. टायर म्हणजे काळा, गोल आणि महाग, एवढंच माझंही ज्ञान होतं. दुकानात जायचं, "आहेत त्याच मापाचे चार द्या" म्हणायचं आणि तिथली फुकटची पांचट कॉफी पीत बसायचं. वीस वर्षं डेन्व्हरजवळच्या उपनगरात राहून मी एवढंच करत आलो. या वेळी मात्र पाच आठवडे लागले, बापलेकांचं दोनदा वाजलं, आणि जी गोष्ट घरात कधी सांगितली नव्हती ती सांगावी लागली. म्हणून लिहितोय.

तर झालं असं. चिरंजीव आता एकोणीस वर्षांचे. दोन उन्हाळे एका किराणा दुकानात रात्रीचा माल उतरवून त्याने पैसे साठवले आणि त्यातून २०१३ सालची टोयोटा टॅकोमा घेतली. आपल्याकडे पिकअप म्हटलं की दुधाचे कॅन आणि कोबीची पोती डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र तिचा थाट निराळा. त्यातून ही 'लिफ्ट' केलेली. म्हणजे आधीच्या मालकाने पुढच्या स्ट्रटवर स्पेसर आणि मागे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालून ती तीन इंच वर उचललेली. बायको पहिल्यांदा तिच्यात चढली तेव्हा म्हणाली, "साडी नेसून यात बसायचं असेल तर शिडी द्या." मालकाने गाडीबरोबर गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेली कंपनीची मूळ चार चाकंही दिली, टायर नसलेली. आम्हाला वाटलं अडगळ. पण त्यांची गोष्ट पुढे येईल.

पहिल्याच रविवारी आम्ही दोघं डोंगराकडे निघालो. आयडाहो स्प्रिंग्जला हायवे सोडला आणि एका पार्किंगमध्ये त्याने स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेतली. खर्रर्र! असा आवाज आला की शेजारच्या गाडीतल्या बाई वळून बघायला लागल्या. उतरून पाहिलं, तर टायरने पुढच्या मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक ओढून फाडलं होतं. चिरंजीव म्हणाले, "थोडं घासतं बाबा. सगळ्यांचं घासतं."

'सगळ्यांचं' म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. हेच वळण हायवेच्या उतारावर घ्यावं लागलं असतं तर, एवढाच विचार डोक्यात होता.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचायला बसलो. तिथे डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २००० सालापासून पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं ३३१४. म्हणजे २०१४ सालचा तेहतिसावा आठवडा. दहा वर्षांहून जुने! नक्षी छान खोल होती, गोटा झालेले मुळीच नव्हते. पण बोटाने दाबून बघितलं तर खाचांच्या तळाशी बारीक बारीक भेगा. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या वयानेही वाळतं. नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांवर टायर ठेवू नये असं टायर कंपन्या स्वतःच सांगतात, आणि काही गाडी कंपन्या तर सहा वर्षांनीच बदलायला सांगतात.

नवीन टायर लागणार यावर बापलेकांचं एकमत झालं. ते तेवढ्यावरच थांबलं. मला पाहिजे होते कंपनीने दिलेल्या मापाचे. त्याला पाहिजे होते 'थर्टी-फाइव्ह'. म्हणजे पस्तीस इंच उंचीचे, आणि सोबत बाहेर डोकावणारी काळी चाकं.

इथे थोडं गणित. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडा. पण मग स्वतःच्या गाडीचे टायर घेताना मला फोन करू नका.)

या टॅकोमाचं मूळ माप २६५/७० आर १६. २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. १६ म्हणजे चाकाचा व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! हे ज्याने ठरवलं तो माणूस आपल्याकडच्या कुठल्या तरी शिक्षण मंडळावर नक्की शोभला असता. हिशोब केला की टायरची एकूण उंची येते ३०.६ इंच. आधीच्या मालकाने घातलेले होते २८५/७० आर १७, म्हणजे ३२.७ इंच. आणि चिरंजीवांच्या मनात होते ३१५/७० आर १७, म्हणजे ३४.४. बाजारात त्यालाच ढोबळपणे पस्तीस म्हणतात.

उंच टायरने काय होतं? अ‍ॅक्सल जमिनीपासून फरकाच्या निम्म्याने वर जातो. हा खरा फायदा, कारण लिफ्टने गाडीचं अंग वर जातं, अ‍ॅक्सल आहे तिथेच राहतो. पण बाकीचा हिशोबही बदलतो. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, आणि स्पीडोमीटरला ते कळत नाही. ३४.४ इंचाच्या टायरवर काटा ६५ दाखवेल तेव्हा गाडी ताशी ७३ मैलांनी पळत असेल. पोलिसाला हे गणित समजावून सांगता येईल, पण दंड भरून. शिवाय मोठा टायर जड असतो. इंजिनाला तो फिरवायला जोर लागतो, ब्रेकला थांबवायला त्याहून जास्त. पस्तीस घालणारे लोक मग अ‍ॅक्सलमधले गिअर बदलतात, चाकाच्या मागे असलेला कॅब माउंट कापून पुन्हा वेल्डिंग करतात. टायरच्या हौसेपायी गाडीची चेसिस कापायची!

राहिला प्रश्न चाकाचा. चाक नुसतं सहा बोल्टांत बसलं म्हणजे झालं नाही. त्याला ऑफसेट असतो. चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारा भाग, यांतलं अंतर. कंपनीच्या चाकाचा ऑफसेट पॉझिटिव्ह, म्हणजे चाक आत सरकलेलं. आमच्या गाडीवरची चाकं उणे बाराची, म्हणजे बाहेर आलेली. दिसायला रुबाबदार खरं. पण बाहेर आलेलं चाक स्टिअरिंग फिरवताना मोठा वळसा घेतं आणि त्या वळशात मडगार्ड, बंपर, कॅब माउंट जे सापडेल त्याला घासतं. आयडाहो स्प्रिंग्जचा तो खर्रर्र अर्धा टायरचा होता आणि अर्धा या चाकाचा. आणि गाडी उचलली म्हणजे टायरला जागा झाली, हेही अर्धसत्यच. गाडी उभी असताना जागा दिसते. खड्ड्यात चाक वर गेलं की ते पूर्वी जिथपर्यंत जायचं तिथपर्यंतच जातं, आणि तिथली जागा लिफ्टने वाढलेली नसते.

हे सगळं मला सांगितलं टायरच्या दुकानातल्या काउंटरवरच्या माणसाने. साठीचा गृहस्थ, हाताच्या रेषांमध्ये काळं कायमचं बसलेलं. त्याने चिरंजीवांना एकच विचारलं, "आठवड्यातून किती दिवस दगडधोंड्यांत जातोस?" चिरंजीव म्हणाले, "महिन्यातून एकदा... कदाचित." तो हसला आणि म्हणाला, "मग उरलेल्या एकोणतीस दिवसांचे टायर घे."

मला तो माणूस इतका आवडला की मी चूक केली. गाडीत बसल्या बसल्या म्हणालो, "बघ, मी हेच सांगत होतो. आता कंपनीचं माप घ्यायचं, विषय संपला."

"पैसे माझे आहेत बाबा," तो म्हणाला. "तुझा माझ्यावर विश्वासच नाहीये."

घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर पुन्हा तेच. तेव्हा मी त्याला काकांची गोष्ट सांगितली.

माझे धाकटे काका कराड-पाटण भागात वडापची जीप चालवायचे. वडाप म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं: नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर पोती घालून गावोगावी फिरणारी खासगी एसटी. बाबा गेल्यावर आमचं घर त्या जीपवर चालायचं. काकांना टायरचं भारी वेड. घाट उतरून आले की ते आधी पाणी प्यायचे नाहीत. जीपभोवती फिरून प्रत्येक टायरला हाताची मागची बाजू लावायचे. आईने तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला की म्हणायचे, "ह्याची हवा उतरलीय." आणि ती उतरलेली असायचीच. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त वाकतो आणि तापतो. काकांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

१९९१ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या पावसाळ्यात कुंभार्ली घाटात काकांच्या जीपचा पुढचा डावा टायर गेला. फुटला नाही, वरच्या रबराचा पट्टाच सुटला. रिमोल्ड केलेला टायर होता. काकांनी जीप दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली. माणसं खरचटली, वाचली सगळी. काकांचा गुडघा मात्र स्टिअरिंगखाली चेमटला. तेव्हापासून त्यांना मांडी घालता येत नाही. घरातल्या प्रत्येक पूजेला ते खुर्चीवर बसतात, आणि भटजी बदलला की दर वेळी नवा खुलासा करावा लागतो.

पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर कधी घालायचा नाही, हा काकांचा स्वतःचाच नियम होता. मग त्या वर्षी का घातला? हे मला बारा वर्षांनी काकूने सांगितलं, तेही बोलता बोलता. नव्या टायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे माझ्या हॉस्टेलच्या फीला गेले होते. काकांनी आजपर्यंत यातला एक शब्द माझ्यापाशी काढलेला नाही. मीही नाही.

टेबलावर कुणी बोललं नाही. बायकोलाही हे माहीत नव्हतं. थोड्या वेळाने चिरंजीव उठले, ताट विसळलं आणि गॅरेजमध्ये गेले. मला वाटलं, चिडला. पाऊण तासाने बघायला गेलो तर हा जमिनीवर पालथा. एका हातात मापाची टेप, एका हातात पुठ्ठ्याचा कापलेला गोल. पुढचं चाक काढून, जॅकने सस्पेंशन वर दाबून, पुठ्ठा हबजवळ धरून कुठे काय टेकतं ते पेन्सिलने लिहून काढत होता.

"बाबा, बॅटरी धर."

मी बॅटरी धरली. बोललो काही नाही. तशी अक्कल मला उशिरा येते, पण येते.

पुढचे दोन आठवडे हा हिशोब करत होता. शेवटी त्याने स्वतः निवडलेलं माप माझ्या यादीत नव्हतं आणि त्याच्या मूळ यादीतही नव्हतं: २६५/७५ आर १६. उंची ३१.६ इंच. मूळपेक्षा एक इंच जास्त, पस्तिशीपेक्षा जवळजवळ तीन इंच कमी. काटा ६५ दाखवेल तेव्हा खरा वेग ६७, म्हणजे लक्षात ठेवण्याइतका फरक. आणि मुख्य म्हणजे हे माप त्या अडगळीत पडलेल्या मूळ सोळा इंची चाकांवर बसतं. चाक पुन्हा आत जातं, घासणं थांबतं, काही कापावं लागत नाही. नव्या चाकांचे पैसेही वाचले.

त्यातही लोड रेंज असते, सी, डी, ई अशी. ई म्हणजे सर्वांत दणकट, पण जड आणि धडधडीत. ओझं वाहायचं नसेल तर एवढ्या गाडीला सी पुरते, असं काउंटरवरचे आजोबा म्हणाले. बाजूवर डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकण, असं चिन्ह असलेला टायर घेतला. ते चिन्ह बर्फातल्या चाचणीत पास झालेल्या टायरलाच मिळतं. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे कोलोरॅडोचा ट्रॅक्शन कायदा लागू असतो, आणि टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल लागते. नक्षी मोजायला इथे क्वार्टरचं नाणं उलटं खाचेत घालतात. जॉर्ज वॉशिंग्टनचं टाळकं दिसलं तर टायर बदला!

बसवताना आजोबांनी आणखी एक गोष्ट पकडली. आमच्या गाडीवरचे नट शंकूच्या आकाराचे होते, बाहेरच्या चाकांसाठी. टोयोटाच्या मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांना सपाट वॉशरचे, लांब नळीचे नट लागतात. शंकूचे नट तिथे आवळले तर आवळल्यासारखे वाटतात, पण चाकाला धड टेकतच नाहीत. एका चाकाला सहा, चार चाकांचे चोवीस. ते नवे घेतले. टॉर्क रेंचने आवळले. पन्नास ते शंभर मैल झाल्यावर पुन्हा येऊन तपासून जा म्हणाले. हवेचंही सांगितलं. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा मूळ टायरचा आहे, या नव्या प्रकाराला टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे थोडी जास्त हवा लागेल. आणि थंडी दहा अंश फॅरनहाइटने वाढली की हवा साधारण एका पीएसआयने उतरते, तेव्हा हिवाळ्यात दर पंधरवड्याला तपास.

संध्याकाळी काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ. काका अंगणात खुर्चीवर, पाय लांब केलेला. चिरंजीवांनी फोन टायरजवळ नेला आणि आपल्या मोडक्या मराठीत एकेक आकडा समजावून सांगितला. ऑफसेटसुद्धा! काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "झ्याक हाय. आन् स्टेपनी?"

आम्ही दोघंही गप्प.

"आरं, स्टेपनी बघिटली का न्हाई?"

पाच आठवडे, मिलिमीटर, टक्के, पुठ्ठे, आणि गाडीच्या पोटाखाली लटकणारं पाचवं चाक कुणी पाहिलंच नव्हतं. चिरंजीव फोन घेऊन तसाच गाडीखाली शिरला. मूळ मापाचा टायर, नक्षी जशीच्या तशी, जमिनीला एकदाही न लागलेला. तारीख २०१३ ची. म्हणजे सगळ्यांत म्हातारा टायर तोच. शिवाय बाकीच्या चौघांपेक्षा इंचभर बुटका. एका बाजूला उंच आणि एका बाजूला बुटका टायर घालून बर्फात फोर व्हील ड्राइव्ह लावली तर गिअरांवर नको तो ताण येतो.

"न वापरलेला टायर बी म्हातारा हुतो बाळा," काका म्हणाले. "मान्सावानी."

दुसऱ्या दिवशी पाचवा टायर आणला. पैसे मी देतो म्हणालो. चिरंजीव नको म्हणाले. मग मी म्हणालो की हे पैसे मला १९९१ सालापासून द्यायचे आहेत, फक्त दुसऱ्या माणसाला. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ओके बाबा. पाचवा तुझा."

गेल्या शनिवारी तो मित्रांबरोबर आयसेनहॉवर बोगद्याच्या पलीकडे जाऊन आला. अकरा हजार फुटांच्या वरून उतार उतरत आला. मी खिडकीतच होतो (सहज हो, कुंड्यांना पाणी घालत होतो). गाडी थांबली. मित्र उतरून घरात पळाले, थंडी होती. हा मात्र गाडीभोवती फिरला. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचे दोन. प्रत्येकाला हाताची मागची बाजू लावली.

हे मी काकांना फोनवर सांगणार होतो, पण फोनवर मला ते जमायचं नाही. वहिनी, तुम्ही त्यांना हा लेख वाचून दाखवाल ना? गुडघ्याचा भाग आला की थांबू नका. त्यांनी "ऱ्हाऊ दे गं" म्हटलं तरी वाचा.

ता. क. : जुनी काळी चाकं विकायची आहेत. रुबाबदार आहेत. घासतात.